कोणाविरुद्धचं प्रतिपिंड? कूम्ब्सच्या सशापासून पाषाणच्या प्रयोगशाळेपर्यंत

पिंपरीत बोलतोय, तेव्हा आधी एक घोटाळा मिटवतो. आपल्याकडे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, त्यामुळे ‘अँटी’ म्हटलं की इथे पेनिसिलिन आठवतं. ते औषध. आज बोलायचंय ते अँटिबॉडीबद्दल, म्हणजे प्रतिपिंडाबद्दल. ते आपलं शरीरच बनवतं.

प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. मग ते आहे हे ओळखायचं कसं? १९४५ मध्ये रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी युक्ती काढली. माणसाचं प्रतिपिंड सशाला परकंच. ते टोचलं की ससा त्याच्याविरुद्ध स्वतःचं प्रतिपिंड बनवतो. हे झालं दुसरं, पहिल्याला पकडणारं. ही चाचणी रक्तपेढीत आजही चालते. पुढे दुसऱ्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला गेला, आणि १९७१ नंतर एलायझामध्ये रंग उमटवणारं एन्झाइम.

आता नदीपलीकडे पाषाणला या. तिथे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयव्हीची प्रयोगशाळा आहे. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाचं निदान झालं. हा विषाणू गोचिडांतून जनावरांत जातो. जनावर आजारी दिसत नाही, पण त्याला हाताळणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून रक्त तपासायचं गुरांचं.

आणि तिथे माणसासाठीचं दुसरं प्रतिपिंड भरवशाचं नाही. गायीच्या प्रतिपिंडाला ते नीट चिकटलं नाही, तर रंग उमटणार नाही आणि कागदावर येईल ‘निगेटिव्ह’. गोठा सुरक्षित असल्याचा खोटा दाखलाच की तो! म्हणून गुरांसाठी वेगळी चाचणी बनवावी लागली, शेळ्यामेंढ्यांसाठी वेगळी. २०१३-१४ च्या पाहणीत २२ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातले ५,६३६ नमुने तपासले. ३५४ मध्ये प्रतिपिंडं सापडली. विषाणू गुजरातपुरता नव्हताच.

शेळी-मेंढी जवळच्या नात्यातल्या. एकीविरुद्धचं प्रतिपिंड बऱ्याचदा दुसरीलाही चालतं. पण हेच नातं नडतंही. प्लेटवरच्या रिकाम्या जागा झाकायला स्किम दूध सर्रास वापरतात. दुधात गायीची प्रतिपिंडं असतात. गायीविरुद्धचं प्रतिपिंड घेतलंत, तर ते दुधालाच बिलगतं आणि अख्खी प्लेट रंगते. तेव्हा बाटलीवर ‘कोणात बनवलंय’ एवढंच बघू नका. ‘कोणाविरुद्ध’ हेही बघा.

प्राणी बरोबर असला तरी प्रतिपिंडाचा प्रकार उरतोच. एनआयव्हीच्या २०२० च्या कोविड कवच चाचणीत माणसाच्या आयजीजीविरुद्धचं प्रतिपिंड होतं, म्हणून ती संसर्ग होऊन गेलेल्यांची मोजदाद करायची. डेंग्यूच्या किटमध्ये हीच संस्था आयजीएम पकडते, कारण तिथे डॉक्टरांना आत्ताचा ताप कशाचा ते हवं असतं.