लंडनच्या गोदींतील मजूर आणि कार्डिनल मॅनिंग

ज्युबिली हा शब्द मूळचा इब्री लोकांचा. दर पन्नासाव्या वर्षीं मेंढ्याचें शिंग फुंकून या वर्षाची द्वाही फिरवावी, असा नियम जुन्या करारांत सांगितला आहे. त्या वर्षीं ऋणापायीं दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या कुळांत परत जावयाचा व विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत यावयाची. म्हणजे ज्युबिली हा सण प्रथम मजुराचा व ऋणकोचा होता. देवळाच्या भिंतींचा नव्हे. आमचें देऊळ केव्हां उभें राहिलें, घंटा कशी आली, शाळेच्या खोल्या कशा वाढल्या, हा वृत्तांत या स्मरणिकेंत इतरत्र आलाच आहे, व तो वाचून वाचकांस योग्य तो अभिमान वाटेल. परंतु ज्युबिलीचा मूळ अर्थ आपण विसरूं नये, म्हणून ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक प्रकरण येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें घडलें इंग्लंडांत. पण त्यांतील प्रश्न आमच्या दारांत उभा आहे.

इ. स. १८४५ पासून पुढें चार-पांच वर्षें आयर्लंडांत बटाट्याचें पीक रोगानें सडलें. बटाटा हेंच तेथील गरिबाचें मुख्य अन्न. दुष्काळांत व त्यामागून आलेल्या तापांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच किंवा त्याहूनहि अधिक देश सोडून गेलीं. पुष्कळ लोक अमेरिकेस गेले. पुष्कळ जवळचा समुद्र ओलांडून लिव्हरपूल, ग्लासगो व लंडन या शहरांत शिरले. लंडनच्या पूर्व भागांत थेम्स नदीच्या कांठीं, गोद्यांच्या आसपास, त्यांच्या वस्त्या पडल्या. तेथें त्यांच्याविरुद्ध तीन गाऱ्हाणीं नेहमीं ऐकूं येत : हे लोक कमी मजुरीवर राबून आमचा भाव पाडतात, हे घाणींत राहतात व दारू पितात, आणि यांचा धर्म परका आहे. पोटासाठीं परमुलखांत गेलेल्या मनुष्यास हीं गाऱ्हाणीं आजहि कोठें ना कोठें ऐकावीं लागतातच.

गोदींतील कामाची रीत अशी होती. जहाज केव्हां येईल हें वाऱ्यावर, भरतीवर व व्यापारावर अवलंबून असे; म्हणून कंपन्या कायमचे मजूर थोडे ठेवीत आणि बाकीचे तासाच्या हिशेबानें घेत. सकाळीं गोदीच्या दाराशीं माणसांची गर्दी जमे. मुकादम येई व हवीं तेवढीं माणसें बोटानें निवडी. त्याची दृष्टि आपणांवर पडावी म्हणून मजूर एकमेकांस रेटीत, प्रसंगीं तुडवीतहि. मजुरी तासास पांच पेन्स. काम दिवसभर मिळेल अशी शाश्वती नव्हती. तासाभरानें पांच पेन्स हातावर ठेवून मजुरास वाटेस लावीत. मिलवॉल गोदीच्या व्यवस्थापकांनींच पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना सांगितलें कीं, कित्येक मजूर उपाशीं पोटीं कामावर येतात, आणि पोटांत कांहीं नसल्यामुळें दिवस संपण्याआधींच काम सोडून जातात.

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत वाचकांच्या परिचयाचा आहे. संध्याकाळचा एक तास उरला असतां बाजारांत उभ्या असलेल्या मजुरांस धन्यानें विचारलें कीं, तुम्ही दिवसभर रिकामे कां उभे. त्यांनीं उत्तर दिलें कीं, आम्हांस कोणी कामावर लाविलें नाहीं. हा दृष्टांत देवाच्या कृपेविषयीं आहे, हें खरें. परंतु काम न मिळालेल्या मजुराच्या उभ्या राहण्यांतील दुःख प्रभूनें पाहिलें होतें, हेंहि त्यांतून दिसतें. लंडनच्या गोदीच्या दाराशीं तोच बाजार रोज भरत होता, आणि त्या गर्दींत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा होता.

आतां त्यांच्या मेंढपाळाकडे वळूं. हेन्री एडवर्ड मॅनिंग यांचा जन्म ता. १५ जुलै १८०८ चा. त्यांचे वडील वेस्ट इंडीज बेटांशीं साखरेचा व्यापार करीत. ते पार्लमेंटचे सभासद होते व कांहीं काळ बँक ऑफ इंग्लंडचे प्रमुखहि होते. त्या बेटांतील ऊस त्या काळीं गुलामांच्या हातांनीं पिकविला व तोडला जाई. पुढें १८३१ सालीं वडिलांचें दिवाळें निघालें. मॅनिंग प्रथम अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक झाले. त्यांचा विवाह झाला होता व पत्नी १८३७ सालीं वारली. १८५१ सालीं त्यांनीं कॅथलिक धर्म स्वीकारला व त्याच वर्षीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १८६५ सालीं ते वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप झाले आणि १८७५ सालीं कार्डिनल. धनवान, विद्वान व अस्सल इंग्रज कुळांतील हे गृहस्थ परक्या, गरीब व आयरिश अशा कळपाचे पालक झाले.

आर्चबिशप होतांच, लंडनांत कॅथीड्रल उभारावें असा त्यांस चहूंकडून आग्रह झाला. त्यांनीं जागा घेतली. पण बांधकाम हातीं घेतलें नाहीं. लंडनांतील सुमारें वीस हजार कॅथलिक मुलें शाळेवांचून असतां आपण दगडांवर दगड रचणें योग्य नव्हे, असें त्यांचें मत होतें. १८६६ सालीं त्यांनीं मुलांच्या शिक्षणासाठीं निधि काढला आणि आलेला पैसा शाळांकडे वळविला. आज जें वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल दिसतें त्याचा पाया १८९५ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, घातला गेला. देवळाच्या ज्युबिलीच्या पुस्तकांत ही गोष्ट सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण ती सांगितल्यावांचून पुढचें समजणार नाहीं.

१८७२ सालीं शेतमजुरांच्या संघाच्या बाजूनें भरलेल्या लंडनांतील जाहीर सभेंत ते व्यासपीठावर बसले. १८७४ सालीं लीड्स येथें श्रमाची प्रतिष्ठा व श्रमिकांचे हक्क या विषयावर त्यांनीं व्याख्यान दिलें. दारूनें उद्ध्वस्त होणाऱ्या आयरिश कुटुंबांसाठीं त्यांनीं क्रूसाचा संघ काढला, व स्वतःहि मद्य वर्ज्य केलें. १८८२ सालीं रशियांत यहुदी लोकांवर अत्याचार झाले, तेव्हां लंडनच्या मॅन्शन हाउसमधील निषेधसभेंत त्यांनीं त्या परधर्मीयांची बाजू मांडली. १८८४ सालीं कामगारांच्या घरांची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनावर ते सभासद होते. अशीं चोवीस वर्षें गेलीं. मग परीक्षेचा दिवस आला.

१८८९ च्या ऑगस्टच्या मध्यास साउथ वेस्ट इंडिया डॉक या गोदींत मजुरांनीं काम बंद केलें. बेन टिलेट, टॉम मॅन व जॉन बर्न्स हे त्यांचे पुढारी. मागण्या साध्या होत्या : तासास पांचऐवजीं सहा पेन्स, जादा वेळेस आठ पेन्स, आणि एकदां कामावर घेतलें कीं निदान चार तासांची मजुरी. सहा पेन्सच्या नाण्यास लंडनचे लोक टॅनर म्हणत. त्यावरून ही लढाई ‘डॉकर्स टॅनर’ या नांवानें प्रसिद्ध झाली. थोड्याच दिवसांत सुमारें एक लक्ष माणसें कामाबाहेर पडलीं व थेम्स नदींत जहाजें माल घेऊन तशींच उभीं राहिलीं. मजूर रोज शिस्तीनें मिरवणूक काढीत. दंगा झाला नाहीं. पण घरांत अन्न नव्हतें. संप मोडणार असें वाटूं लागलें, इतक्यांत दूरच्या ऑस्ट्रेलियांतून मदत आली; तिची एकूण रक्कम तीस हजार पौंडांवर गेली.

सप्टेंबरच्या आरंभीं लंडनच्या लॉर्ड मेयरांनीं समेटासाठीं समिति नेमली. तींत अँग्लिकन बिशप टेंपल होते, पार्लमेंटचे सभासद सिडनी बक्स्टन होते, आणि एक्क्याऐंशी वर्षांचे कार्डिनल मॅनिंग होते. कंपन्या सहा पेन्स देण्यास तयार झाल्या, पण नव्या वर्षापासून; मजुरांस तो दर लगेच हवा होता. बोलणें फिसकटलें. बिशप टेंपल कंटाळून शहर सोडून गेले. मॅनिंग मात्र हटले नाहींत. कधीं संचालकांकडे, कधीं मजुरांकडे, असे ते या वयांत खेपा घालीत राहिले.

ता. १० सप्टेंबर रोजीं पॉप्लर येथील कॅथलिक शाळेंत संपाच्या कमिटीपुढें ते उभे राहिले. ही जागा लक्षांत घेण्याजोगी आहे. कॅथीड्रलचा पैसा ज्या कामीं वळविला, त्याच जातीची ती गरिबांची शाळा होती. भिंतीवर पवित्र मारिया व बाळ येशू यांची मूर्ति होती, असें त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. त्यांनीं मजुरांस भीति घातली नाहीं, कीं त्यांची मागणी अन्यायाची आहे असेंहि म्हटलें नाहीं. घरीं उपाशीं असलेल्या बायकामुलांची आठवण दिली व मधली तारीख सुचविली : सहा पेन्सचा दर ता. ४ नोव्हेंबरपासून सुरू व्हावा. कित्येक कठोर पुरुषांचे डोळे पाणावले. कमिटीनें त्यांस बोलणें करण्याची मोकळीक दिली. संचालकांनींहि शेवटीं मान्य केलें. ता. १४ रोजीं करार झाला व सोमवार ता. १६ रोजीं मजूर कामावर गेले. लोकांनीं या समेटास ‘कार्डिनलांचा तह’ असें नांव दिलें.

वाचक विचारतील, एका वृद्ध धर्मगुरूचा शब्द दोन्ही पक्षांनीं कां मानिला? आमचें उत्तर असें कीं, तो शब्द त्या दिवशींचा नव्हता. चोवीस वर्षांचा होता. आमच्या मुलांसाठीं ज्यानें आपलें कॅथीड्रल थांबविलें तो मनुष्य आम्हांस विकणार नाहीं, हा भरंवसा मजुरांस होता. संकटाच्या दिवशीं असा विश्वास उसना मिळत नाहीं. तो आधींच कमवावा लागतो.

पुढें ता. १५ मे १८९१ रोजीं पोप १३ वे लिओ यांनीं ‘रेरूम नोवारूम’ हें सार्वत्रिक पत्र काढिलें. मजुरी ही केवळ दोघांच्या खुषीचा सौदा नसून तिच्यांत मजुराचें साधेपणानें पोट भरलें पाहिजे, आणि मजुरांस आपले संघ करण्याचा हक्क आहे, अशी शिकवण त्यांत आहे. जर्मनीचे बिशप केटलर, अमेरिकेचे कार्डिनल गिबन्स व इंग्लंडचे मॅनिंग यांच्या कार्यानें त्या पत्राची जमीन तयार केली होती. २०२५ च्या मे महिन्यांत निवडले गेलेले पोप १४ वे लिओ यांनीं, आपण लिओ हें नांव कां घेतलें हें सांगतांना, त्याच पत्राची आठवण दिली.

इतिहास लिहितांना उणी बाजू झांकूं नये. या तहानें मजुरी वाढली. पण दाराशीं उभें राहण्याची रीत सुटली नाहीं. लंडनच्या गोद्यांतील रोजंदारीची ही पद्धत १९६७ सालापर्यंत चालली. दुसरें असें कीं, त्याच १८८९ सालीं लंडनच्या पूर्व भागांत रशिया व पोलंडमधून आलेल्या यहुदी शिंप्यांनींहि संप केला. तेव्हां गोदीच्या मजुरांनीं आपल्या निधींतून त्यांस शंभर पौंड दिले. किती सुंदर ही गोष्ट! परंतु पुढें मजुरांच्या पुढाऱ्यांपैकींच कांहींजण, स्वतः टिलेटहि, या नव्या आगंतुकांविरुद्ध बोलूं लागले, व १९०५ सालीं परकीयांस आंत घेण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. आयरिशांविरुद्ध एके काळीं जीं गाऱ्हाणीं होतीं, तींच आतां यहुद्यांच्या वांट्यास आलीं. मॅनिंग यांनीं मात्र असा भेद केला नाहीं; म्हणून १८९० सालीं त्यांच्या बिशपपदाच्या रौप्य ज्युबिलीस यहुदी समाजानें त्यांस मानपत्र दिलें. ता. १४ जानेवारी १८९२ रोजीं ते वारले, तेव्हां अंत्ययात्रेस लंडनच्या गरिबांची अलोट गर्दी लोटली होती.

आमच्याकडेहि तो काळ मजुरांच्या जागृतीचा होता. मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें गिरणी-कामगारांस जून १८९० मध्यें रविवारची सुटी मिळाली. आणि ज्या उसावर मॅनिंग यांच्या घराण्याचें वैभव उभें होतें, त्याची कथाहि आम्हांस परकी नाहीं. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठीं करारानें बांधलेले मजूर हिंदुस्थानांतून नेले. मॉरिशसमधील मराठी बांधवांचे पूर्वज असेच मुंबई बंदरांतून गेले. आज आमच्या गांवाच्या शिवारांतहि ऊस उभा आहे. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीडकडील व इतर दुष्काळी तालुक्यांतील टोळ्या येतात. मुकादमाची उचल डोक्यावर असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, पाचटाच्या कोपींत संसार मांडला जातो, आणि मुलांची शाळा सहा महिने बुडते. २०२० सालीं टाळेबंदी झाली, तेव्हां परगांवचे मजूर उन्हांत पायीं घरीं चालत गेले, हेंहि आपण पाहिलें आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं किती जणांचे आजे-पणजे दुष्काळांत गांव सोडून पोटासाठीं परगांवीं राबले, हें घरोघरीं विचारून पाहावें. आम्ही मोठ्या चळवळी सांगत नाहीं. त्या कोपींतील मुलांस हंगामापुरतें आपल्या शाळेंत बसूं द्यावें. उचलीचा हिशेब मजुरास वाचून दाखवील असा शिकलेला तरुण गांवांत असावा. आजाऱ्यास दवाखान्यांत नेतांना जात वा धर्म विचारूं नये. आणि ज्याच्या शेतांत ऊस तुटतो त्यानें ठरलेला पैसा ठरल्या दिवशीं द्यावा. कारण अडकविलेली मजुरी देवाच्या कानीं ओरडते, असें प्रेषित याकोबानें बजावलें आहे. एवढें आपण केलें, तर पुढच्या ज्युबिलीस जो कोणी आमच्या जागीं असेल, त्यास देवळाच्या उंचीबरोबर दुसरीहि एक गोष्ट लिहितां येईल : दाराबाहेर उभा असलेला परका मजूर या देवळास आपलें म्हणत होता. नाझरेथचा सुतार संत योसेफ, ज्यास मारिया व बाळ येशू यांसह परक्या मिसर देशांत आश्रय शोधावा लागला, तो आम्हांसाठीं विनंती करो.