मुलग्यांना कोण सांगणार?

१९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनीही तसंच केंद्र सुरू केलं. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंची मात्र त्यांना पूर्ण साथ होती.

१९२३ साली कर्व्यांनी ‘संततिनियमन’ लिहिलं आणि त्याच वर्षी ‘गुप्तरोगापासून बचाव’ही. मूल नको असणं आणि रोग नको असणं या गोष्टी ते एकत्र पाहत होते. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. लाजेकाजेस्तव कुणालाच विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना पत्रातून विचारत. या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरला, दंड भरावा लागला, मासिक थांबलं नाही.

मला कर्व्यांची आणखी एक गोष्ट मोठी वाटते. मूल होऊ द्यायचं नाही असं ठरल्यावर त्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. साधनं बायकोवर सोपवून ते मोकळे झाले नाहीत.

आज चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचं अवघं ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही! गर्भनिरोधन हे बायकांचं काम, असं ३५ टक्के पुरुषांना वाटतं. उलट, एचआयव्हीची नीट माहिती ३०.७ टक्के पुरुषांना आणि फक्त २१.६ टक्के स्त्रियांना आहे. म्हणजे जिच्या अंगावर जबाबदारी, तिच्याकडेच माहिती कमी.

दोह्याच्या उत्तरेला, उम्म सलाल मोहम्मदमध्ये राहताना हे आकडे दूरचे वाटत नाहीत. इथली आपली मुलं बारावीनंतर पुण्याला, कॅनडाला, कुठे कुठे जातात. मुलीला निघताना आई निदान ‘जपून राहा’ एवढं तरी सांगते. मुलग्याच्या बॅगेत चकल्या आणि मेतकूट जातं, शब्द एकही जात नाही. शंभर वर्षांपूर्वी एका गणिताच्या मास्तरांनी जे छापून सांगितलं, ते आपल्याला घरात, आपल्याच भाषेत सांगायला काय हरकत आहे?