भाचीचा अमेरिकेतला इतिहासाचा तास



मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज विषय पार दुसराच आहे. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये इतिहासाच्या तासाला काय शिकवतात, हा. तुम्ही म्हणाल, हिला हे काय सुचलं! पण आपल्या गटांमधल्या तीन-चार जणींची मुलं तिकडे आहेत. एका मावशींचा नातू येत्या वर्षी आईवडिलांबरोबर जाणार आहे. त्याच मावशींनी मला बैठकीनंतर थांबवून विचारलं, "तुझी भाची गेलीय ना तिकडे, तिला शाळा झेपतेय का?" गणिताची त्यांना काळजी नव्हती, पोरगा हुशार आहे. काळजी इतिहासाची. "आमचा शिवाजी महाराज शिकलेला. तिकडचे राजे तो कधी पाठ करणार?"

मी म्हटलं, मावशी, तिकडे राजे नाहीतच. राजा नको म्हणाले, तिथूनच त्यांचा इतिहास सुरू होतो.

माझी भाची, म्हणजे थोरल्या ताईची मुलगी, इथे नववी करून न्यू जर्सीला गेली. दाजींची बदली झाली होती. सप्टेंबरात तिकडची शाळा सुरू झाली आणि महिनाभरात ताईचा फोन आला. आपल्याकडे सकाळचे सात, तिकडे रात्र. पोरगी रडत होती. इतिहासाच्या बाईंनी पहिला निबंध दिला होता, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. हिने रात्र जागून तेरा वसाहतींची नावं, चहावरचा कर, बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या ते साल, सगळं ओळीने लिहिलं. एक चूक नाही. आणि मिळाला काय, तर 'सी'. खाली बाईंनी लिहिलं होतं: हे सगळं बरोबर आहे, पण तुझं म्हणणं काय?

ताईने मला फोन करायचं कारण म्हणजे मी बीए इतिहास घेऊन केलं. खरं सांगते, अमेरिकेचा इतिहास मलाही होता, आणि तो मी गाईडमधून पाठ केला होता. स्वातंत्र्ययुद्धाची कारणं सात मुद्द्यांत. तुझं म्हणणं काय, असं मला कुणी कधी विचारलं नाही. मग भाची मोबाइलवर पानांचे फोटो पाठवायला लागली आणि मी तिच्याबरोबर पुन्हा शिकायला बसले. वर्ष झालं त्याला.

आधी साध्या गोष्टी सांगते, ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांच्यासाठी. तिकडे सगळ्या देशाला एक बोर्ड नाही. पन्नास राज्यं, आणि इतिहासात काय शिकवायचं ते ज्याचं त्याचं राज्य आणि त्याखाली गावोगावचं शाळा मंडळ ठरवतं. न्यू जर्सीत हायस्कूलमधून पास व्हायला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं शिकावाच लागतो, बऱ्याच राज्यांत एकच वर्ष असतो. शेवटी एकदाच होणारी आपल्या दहावीसारखी परीक्षाही नाही. दर आठवड्याचा गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प, वर्गात बोलणं, सगळ्याचे गुण साठत जातात. त्यामुळे वर्षभर ढिलाई आणि मार्चमध्ये पहाटे चारला उठून अभ्यास, हे तिथे चालत नाही. हुशार मुलं एपी नावाचा वरच्या पातळीचा वर्ग घेतात. त्याची परीक्षा मे महिन्यात असते आणि त्यातल्या एका प्रश्नात सात जुने कागद हातात देतात. कुणाचं पत्र, एखादं भाषण, एखादं व्यंगचित्र. ते वाचायचे आणि त्यावरून आपलं म्हणणं मांडायचं.

आणखी एक. सकाळी वर्गात झेंड्याकडे तोंड करून प्रतिज्ञा म्हणतात. भाची पहिल्या दिवशी गोंधळली, मी म्हणू का नको? तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच निकाल दिला आहे की सरकारी शाळेला कुणावर ही सक्ती करता येत नाही. मुलाला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ते घाबरणार नाही.

आता त्या 'सी'कडे येते. बाईंना हवं होतं ते असं. जाहीरनाम्यात लिहिलंय की सर्व माणसं समान जन्मली आहेत. लिहिलं कुणी? थॉमस जेफरसनने. त्याच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. मग 'सर्व' म्हणजे कोण? त्याच वर्षी मार्चमध्ये ॲबिगेल ॲडम्स नावाची बाई फिलाडेल्फियात राज्यकारभाराच्या चर्चेला बसलेल्या नवऱ्याला पत्र लिहून बजावते, की नवे कायदे करताना बायकांना विसरू नका. नवऱ्याने उत्तरात ते हसण्यावारी नेलं. पुढे हा नवरा देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि विचारायचं, यात कुणाचा आवाज आहे, कुणाचा नाही, कागद कुणी जपून ठेवला. भाचीने सालं पाठ केली होती, पण लिहिणाऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

मला हे कळलं ते आपल्या इतिवृत्ताच्या वहीमुळे. हसू नका. दोन वर्षांपूर्वी कर्ज आधी कुणाला द्यायचं यावरून आपल्याकडे तासभर कडाक्याचं भांडण झालं होतं. वहीत मी काय लिहिलं? 'सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' उद्या कुणी ती वही वाचली तर वाटेल, काय गुण्यागोविंदाने बसल्या होत्या या बायका. ज्या ताईंना तेव्हा कर्ज मिळालं नाही त्यांचं नाव त्या पानावर नाही. त्यांचा अंगठा मात्र आहे. भाचीला मी हेच उदाहरण दिलं आणि पुढचा निबंध तिने मला न विचारता लिहिला.

धड्यांचा क्रम म्हणाल तर आधी मूळचे रहिवासी, मग युरोपातून आलेल्यांच्या वसाहती, स्वातंत्र्य, राज्यघटना, पश्चिमेकडे जमीन बळकावत जाणं, गुलामी आणि यादवी युद्ध. हे पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी कारखाने, दोन महायुद्धं, मंदी, नागरी हक्कांची चळवळ आणि आजपर्यंतचं. बऱ्याच ठिकाणी 'आजपर्यंत' येईस्तो जून उजाडतो आणि पुस्तक आधीच कुठेतरी संपतं. ते दुखणं आपल्याकडेही आहे.

यातला सगळ्यात जड भाग गुलामी आणि यादवी युद्धाचा. १८६१ ते १८६५, सहा लाखांवर माणसं मेली. दक्षिणेकडची राज्यं गुलामी टिकवायला वेगळी झाली आणि हरली. १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामी बंद झाली. एवढं सरळ आहे ना? पण पुढची कित्येक वर्षं दक्षिणेतल्या मुलांना शाळेत हे सरळ शिकायला मिळालं नाही. आणि मैत्रिणींनो, त्यात मोठा हात बायकांच्या एका संघटनेचा होता. हे वाचून मी खरंच हबकले.

युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी, म्हणजे हरलेल्या बाजूच्या सैनिकांच्या लेकी. १८९४ मध्ये स्थापना. वर्गणी गोळा करायच्या, शाखा काढायच्या, पुतळे उभारायच्या, निबंधस्पर्धा घ्यायच्या. काम करायची पद्धत अगदी आपल्यासारखी, शिस्तशीर. त्यांच्यातल्या मिल्ड्रेड रदरफर्ड या जॉर्जियातल्या बाईंनी १९१९ च्या सुमारास एक पुस्तिका काढली, शाळेची पुस्तकं तपासायची मोजपट्टी. युद्ध गुलामीसाठी झालं असं लिहिणारं पुस्तक नाकारा. मालक गुलामांशी क्रूर वागत असं लिहिणारं नाकारा. ग्रंथालयात असं पुस्तक असेल तर त्यावर तसा शेरा मारा. प्रकाशकांना पुस्तकं खपवायची होती, त्यांनी ऐकलं. गोऱ्या घरांतल्या मुलांच्या पिढ्यानुपिढ्या त्यावर वाढल्या. बायका एकत्र आल्या की चांगलंच होतं असं मी या माइकवरून बरेचदा बोलले आहे. आता बोलताना जरा थांबते.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. कार्टर वुडसन हे गुलामीतून सुटलेल्या आईबापांचे चिरंजीव. कोळशाच्या खाणीत काम केलं, विशीत हायस्कूलला गेले आणि १९१२ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली. पुस्तकात आपली माणसं नाहीत हे पाहून त्यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला. आज तो अख्खा महिना झाला आहे, आणि भाचीच्या शाळेतही पाळतात. न्यू जर्सीने तर २००२ मध्ये कायदाच केला, की हा इतिहास एका महिन्यापुरता नाही, मुख्य अभ्यासक्रमात वर्षभर यायला हवा.

हा वाद संपलेला नाही. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका नववीतल्या मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो आईला पाठवला. त्यात लिहिलं होतं, आफ्रिकेतून लाखो 'कामगार' शेतमळ्यांवर आणले गेले. कामगार! पगार घेऊन आल्यासारखे. आईने ते सगळ्यांपुढे मांडलं आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. तेव्हा मुलांच्या पुस्तकाची पानं अधूनमधून चाळत जा, भाषा येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या.

गुलामीच्या धड्याला भाचीच्या बाईंनी एक काम दिलं. गुलामी संपल्याची दखल अमेरिकेबाहेर कुणी घेतली, त्याचा एक कागद शोधा. भाचीने मला विचारलं आणि मी उडालेच. अगं, आपले जोतीराव! १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, आणि ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे. तालुक्याच्या वाचनालयातून मी समग्र वाङ्मय आणलं, फोटो काढून पाठवला. वाटलं, आता पोरीला 'ए' नक्की.

बाई खूश झाल्याच, पण पुन्हा प्रश्न. हा लेखक अमेरिकेचं एवढं कौतुक करतो, ते १८७३ मध्ये तिथे खरंच तसं होतं का? आणि तो हे कुणासाठी लिहितोय? मला पहिल्यांदा राग आला. जोतीरावांना प्रश्न? पण भाची वाचत बसली. १८७३ मध्ये दक्षिणेत सुटलेल्या गुलामांवर हल्ले होत होते, मत द्यायला गेलेल्यांना मारत होते. १८७७ मध्ये केंद्राचं सैन्य मागे गेलं आणि मिळालेले हक्क एकेक करून काढून घेतले गेले. मतदानाचा हक्क कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात बजावता यायला १९६५ चा कायदा यावा लागला. मग जोतीराव चुकले का? भाचीने अर्पणपत्रिका पुन्हा वाचली. त्यात पुढे त्यांनी आशा धरली आहे की माझ्या देशबांधवांनी या उदाहरणावरून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं. तिने लिहिलं, हा कागद अमेरिकेला उद्देशून आहे, पण बोलतोय पुण्यातल्या लोकांशी. अमेरिका इथे आरसा म्हणून धरली आहे. हे वाक्य तिचं. मी सांगितलेलं नाही.

परवाच्या धड्यात बायकांच्या मताची गोष्ट आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० चा ऑगस्ट. बायकांना मत देणारी घटनादुरुस्ती पक्की व्हायला अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस राज्यं लागत होती, पस्तीस झाली होती. छत्तिसावं टेनेसी. तिथल्या विधानसभेत चोवीस वर्षांचा हॅरी बर्न विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईची चिठ्ठी. विधवा आई, शेत सांभाळणारी, रोज पेपर वाचणारी. तिने लिहिलं होतं की बायकांच्या बाजूने मत दे. नाव पुकारल्यावर पोरगा 'हो' म्हणाला आणि दुरुस्ती मंजूर झाली. बैठकीत सांगितलं तर एकीने लगेच विचारलं, "आईने चिठ्ठीत आणखी काय लिहिलं होतं?" घरच्या गोष्टी, पाऊसपाणी, म्हटलं.

पुढच्या वर्षी भाचीच्या पुस्तकात आपल्यासारख्यांचं पान येईल. २०२२ च्या कायद्याने न्यू जर्सीत आशियाई लोकांचा इतिहासही सक्तीचा झाला आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या अमेरिकन सैन्यात काम केलेल्या पंजाबी माणसाला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिक होता येणार नाही. आधी नागरिक झालेल्या कितीतरी हिंदी लोकांचंही नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं. वैष्णोदास बगाई नावाच्या दुकानदाराने त्या दुःखात १९२८ मध्ये जीव दिला. त्याची बायको कला १९१५ मध्ये तीन मुलांना घेऊन आलेली. बर्कलेला घर घेतलं तर शेजाऱ्यांनी कुलूप लावून आत जाऊ दिलं नव्हतं. तिने एकटीने मुलं वाढवली. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि पुढे ती नागरिकही झाली. तेव्हासुद्धा हिंदी माणसांना वर्षाला फक्त शंभर जागा होत्या. दार खरं उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि आमचे दाजी त्याच दारातून आत गेले. बर्कलेच्या त्याच गावात आज एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे.

भाचीने विचारलंय, मावशी, आपल्या घरातलं पहिलं कोण बाहेरगावी गेलं? मी आईला विचारायला घेतलंय. आई म्हणते, आधी चहा दे, मग सांगते.