काणी हटली, काळी ज्वारी राहिली

अकोला-अमरावतीकडच्या जुन्या शेतकऱ्याला काणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी राखी रंगाची पिशवी येते; ती चिमटीत फोडली की काळी भुकटी उडते. या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे बुरशीचा एक बीजाणू. बुरशीला फूल नाही, बीही नाही. तिची पुढची पिढी असते ती या धुळीत.

अशी धूळ बियाण्याला चोळून पेरल्यास रोग येतो, हे गव्हाच्या काणीबाबत फ्रान्समध्ये तिये याने १७५५ साली दाखवले. त्याला मात्र ती विषारी भुकटी वाटली. प्रेव्होस्त याने तिचे कण पाण्यात रुजताना पाहिले आणि तांब्याच्या अल्प अंशानेही रुजणे थांबते, असे १८०७ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका १९१८ साली पुसाच्या संशोधन संस्थेने काढली.

ज्वारीच्या दाणे काणीचा प्रवास असा. मळणीत पिशव्या फुटतात आणि बीजाणू चांगल्या दाण्यांना चिकटतात. कोरड्या कणगीत ते जिवंत राहतात. पेरणीनंतर बी रुजते तेव्हा तेही रुजतात आणि कोंब जमिनीबाहेर येण्याआधीच आत शिरतात. पुढे बुरशीचे तंतू शेंड्याबरोबर निमूटपणे वाढतात. झाड निरोगी दिसते. कणीस येते तेव्हाच बिंग फुटते. (काणीची चिमूटभर भुकटी पाण्याच्या थेंबात ठेवून दुसऱ्या दिवशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावी.)

म्हणजे आत शिरायची वाट एकच, बियाण्याची साल. ती मोरचुदाच्या पाण्याने, पुढे किलोमागे चार ग्रॅम गंधकाच्या भुकटीने बंद करता आली. इतक्या स्वस्तात क्वचितच कुठला रोग आटोक्यात आला असेल. झिपरी काणीला मात्र हा उपाय पुरत नाही, कारण तिचे बीजाणू मातीत राहतात.

मग १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. वऱ्हाडातील जुनी उंच ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर, पाऊस सरताना निसवे. नवी ज्वारी सुमारे शंभर दिवसांत, अनेकदा पाऊस चालू असतानाच पक्व होऊ लागली. फ्युजॅरियम, कर्व्ह्युलॅरिया अशा बुरशींचे बीजाणू हवेतून फुलोऱ्यावर आणि ओल्या दाण्यावर पडतात. दाणे गुलाबी-काळे होतात, भाकर कडवट लागते, बाजारात भाव पडतो. इथे बियाण्याला गंधक चोळून काय होणार? दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसताच कापणी करावी, हा सल्ला योग्य आहे. पण नेमकी तेव्हाच झड लागली तर कणसे वाळवायची कुठे?

१९९० नंतर वऱ्हाडात ज्वारीच्या जागी सोयाबीन पसरले. त्यामागे भाव, मजुरी आणि पाखरांचा त्रास आहेच. काळी ज्वारीही त्यातच मोजावी लागते.