पाचवी की सातवी? चेहऱ्यातल्या दोन नर्व्हची गोष्ट

मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हच्या जोड्या किती? बारा. बायोलॉजी घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे उत्तर मिळेल. पुस्तकी मराठीत त्यांना 'कर्पर चेता' म्हणतात, पण वॉर्डात मराठी डॉक्टरसुद्धा 'फिफ्थ', 'सेव्हन्थ' असंच बोलतात. ('नस' हा शब्द मी मुद्दाम टाळतोय, कारण आपल्याकडे सलाइन लावतात तीही नसच.) माझ्या पीएचडीच्या कामात चेहऱ्याच्या स्नायूंचे विद्युत-संकेत मोजावे लागतात, त्यामुळे सातवीशी रोजची गाठ. पाचवी आणि सातवी या दोघी चेहऱ्यावर शेजारी शेजारी पसरलेल्या असतात. त्यांची कामं वेगवेगळी आहेत हे नीट कळायला १८२० चं दशक उजाडावं लागलं. तोवर या घोळाची किंमत रुग्ण मोजत होते, आणि तीही अक्षरशः स्वतःच्या चेहऱ्याने.

आधी मोजणीचं थोडक्यात. दुसऱ्या शतकातल्या गेलनने सात जोड्या मोजल्या. त्याचं विच्छेदन माकडं, डुकरं, बैल यांच्यावरचं. वासाच्या नर्व्हला तो नर्व्ह मानतच नव्हता, आणि आज आपण जिला सातवी म्हणतो ती, शेजारच्या ऐकण्याच्या नर्व्हसकट, त्याच्या हिशेबात पाचवी होती! हा सातचा आकडा तेराशेहून अधिक वर्षं टिकला. १५४३ मध्ये गेलनच्या कितीतरी चुका दाखवणाऱ्या वेसालियसनेही तो तसाच ठेवला. १६६४ मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने मेंदूवरचा मोठा ग्रंथ काढला. त्यातली चित्रं काढायला ख्रिस्तोफर रेन होता, म्हणजे पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारा तोच. विलिसने वासाच्या नर्व्हला पहिला नंबर दिला आणि गणित नऊ-दहापर्यंत नेलं. चेहऱ्याची आणि ऐकण्याची नर्व्ह मात्र त्याच्याकडेही एकाच सातव्या जोडीत होत्या, एक 'कठीण भाग' आणि दुसरी 'मऊ भाग' अशा नावांनी. दोघी कवटीतल्या एकाच भोकातून आत शिरतात, तेव्हा त्याला तरी काय दोष द्यायचा.

बाराचा आकडा आला १७७८ मध्ये, ग्यॉटिंगेन विद्यापीठात, सॅम्युअल थॉमस झ्योमरिंगच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातून. तेव्हा त्याचं वय २३. (आमच्यापैकी काहींची तेविशीत एमएस्सीसुद्धा पुरी झालेली नसते. असो.) त्याने विलिसच्या एकत्र बांधलेल्या मोळ्या सोडवल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र नंबर दिला. आजची यादी तीच. ती काही निसर्गाने छापून दिलेली नाही. दुसरी, म्हणजे डोळ्याची, खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. अकरावीचे धागे मानेतल्या मज्जारज्जूतून निघतात. आणि १८७८ मध्ये शार्कमध्ये आणखी एक बारीकशी जोडी सापडली, जी पुढे माणसातही दिसली. तोवर नंबर ठरून गेलेले, म्हणून तिला 'शून्य' म्हणायची पद्धत पडली.

पण नंबर देणं वेगळं आणि काम ओळखणं वेगळं. झ्योमरिंगने त्या कुठून निघतात ते पाहिलं. त्या करतात काय, हा प्रश्न तसाच उरला. एक नर्व्ह म्हणजे संवेदना आणि हालचाल दोन्ही वाहणारी, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

त्या काळात चेहऱ्याच्या एका भयंकर दुखण्याची चर्चा सुरू होती. विजेचा झटका बसावा तशी कळ गालातून, जबड्यातून जाते. दात घासताना, घास चावताना, कधी नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी. फ्रान्सच्या निकोला आंद्रेने १७५६ मध्ये त्याला 'तिक दुलुरो' हे नाव दिलं. इंग्लंडमध्ये जॉन फोदरगिलने १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज आपण त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतो, आणि नावातच उत्तर आहे, कारण ट्रायजेमिनल म्हणजे पाचवी. तेव्हा हे उत्तर हातात नव्हतं. औषध नाही, मग काही सर्जन नर्व्हच कापायचे. कुठली? चेहऱ्यावर पसरलेली, हाताशी येणारी. सातवी कानाच्या पुढे, लाळेच्या ग्रंथीतून बाहेर पडून बदकाच्या पंजासारखी गालभर फाकते. पाचवीच्या फांद्या हाडांच्या बोगद्यांतून शेवटी त्वचेखाली येतात. दोघींचा प्रदेश एकच. त्यामुळे सुरी कित्येकदा सातवीवर चालायची. परिणाम काय, तर कळ होती तिथेच, आणि वर तोंड वाकडं, डोळा मिटेना, पाणी प्यायला घेतलं की ओठाच्या कोपऱ्यातून खाली.

इथे चार्ल्स बेल येतो. स्कॉटिश सर्जन, लंडनमध्ये शरीररचना शिकवणारा, आणि फार चांगला चित्रकार. चित्रकारांसाठी चेहऱ्यावरच्या भावांची शरीररचना सांगणारं पुस्तक त्याने १८०६ मध्येच काढलं होतं. त्याचा चेहऱ्यातला रस मला तरी आधी चित्रकाराचा वाटतो, डॉक्टरचा नंतर. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला. त्याने गाढवाची एका बाजूची सातवी कापली. त्या बाजूची नाकपुडी श्वासाबरोबर फुलायची थांबली, पण कापताना गाढवाने वेदना फारशी दाखवली नाही. पाचवीची वरच्या ओठाकडे जाणारी फांदी कापली तेव्हा मात्र जनावर कळवळलं. (भूल द्यायची सोय यायला अजून पंचवीस वर्षं होती. हे प्रयोग वाचताना पोटात ढवळतं, ते लपवत नाही.) म्हणजे दुखण्याचा रस्ता पाचवी. चेहऱ्याच्या कळेसाठी सातवी कापण्यात काही अर्थ नाही, हे यातून सरळ निघत होतं.

याच प्रयोगात बेल एका जागी घसरला. पाचवीची फांदी कापलेलं गाढव धान्याला ओठ लावायचं, पण ते उचलायचं नाही. बेलने निष्कर्ष काढला की खाताना ओठ हलवण्याचं काम पाचवीचं, आणि सातवी ही चेहऱ्याची 'श्वसनाची' नर्व्ह. तुम्हीच विचार करा, दंतवैद्याने इंजेक्शन देऊन ओठ बधिर केला की आपण चहा कसा पितो? ओठ हलतो, पण कप कुठे लागतोय ते कळत नाही, म्हणून धांदल उडते. गाढवाचं तेच झालं होतं. बेलकडेच शिकलेल्या हर्बर्ट मेयोने १८२२ मध्ये स्वतःचे प्रयोग करून हे उलगडलं: ओठ हलवते सातवी, पाचवी फक्त तिथली जाणीव वाहते. पाचवीचं हालचालीचं काम म्हणजे मुख्यतः जबडा चावणारे स्नायू. पुढे बेलने आपले जुने निबंध पुन्हा छापले तेव्हा मजकुरात असे फेरफार केले, की हे सगळं आपल्याला आधीपासून ठाऊक होतं असं वाचणाऱ्याला वाटावं. मूळ १८२१ चा निबंध आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवली की फरक दिसतो. बेलची निरीक्षणशक्ती मोठी होती, हे कबूल. पण श्रेयाच्या बाबतीत मी मेयोच्या बाजूने. तरी नाव राहिलं बेलचंच. आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात त्या आजाराला जगभर बेल्स पाल्सी म्हणतात, जरी अशा वाकड्या चेहऱ्याचं वर्णन नवव्या-दहाव्या शतकातल्या अल-राझीने केलेलं असलं तरी.

आता ही विभागणी तपासणीत कशी उतरते ते पाहा. पाचवीसाठी डोळे मिटायला सांगून कपाळ, गाल, हनुवटी अशा तीन पट्ट्यांवर कापूस टेकवतात, आणि दात आवळायला लावून जबड्याचे स्नायू चाचपतात. सातवीसाठी भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. यात कपाळ महत्त्वाचं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. म्हणून मेंदूच्या वरच्या भागात स्ट्रोक झाला की तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या घालता येतात. सातवी स्वतःच बिघडली तर अर्धं कपाळही सपाट. तरी घरच्या आरशात बघून निदान करत बसू नका, तोंड अचानक वाकडं झालं की थेट हॉस्पिटल गाठा. स्ट्रोक असेल तर मिनिटं मोजतात, आणि बेल्स पाल्सीतही स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात.

मला सगळ्यात आवडणारी चाचणी मात्र कापसाच्या टोकाची आहे. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, कापसाची वात हलकेच लावायची. स्पर्श आत नेते पाचवी, पापणी मिटवते सातवी, आणि मधला सांधा मेंदूच्या देठात. एका डोळ्याला लावलं तरी दोन्ही मिटतात. उजव्या डोळ्याला कापूस लावला आणि एकही डोळा मिटला नाही, पण डाव्याला लावल्यावर दोन्ही मिटले, तर उजवी पाचवी बिघडलेली. उजव्याला लावल्यावर डावा मिटला पण उजवा नाही, तर उजवी सातवी. जाणीव गेली की हालचाल गेली, हा गाढवाच्या ओठाचाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर इथे क्षणभरात मिळतं, कुणालाही न कापता.

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला ज्या राज्यांसाठी झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्यात मेंदूचा देठ मृत झाल्याचं ठरवण्याची पद्धत घालून दिली आहे, आणि तिचा मोठा भाग म्हणजे कर्पर चेतांच्याच चाचण्या: बाहुल्यांवर उजेड, कानात गार पाणी, घशाला स्पर्श, श्वास थांबलाय का याची परीक्षा, आणि कॉर्नियाला कापूस. चार डॉक्टरांच्या मंडळाने हे सगळं करायचं, आणि किमान सहा तासांनी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर नातेवाईक बसलेले असतात. छातीचा ठोका चालू, अंग गरम, आणि आत कुणीतरी दुसऱ्यांदा कापसाची वात डोळ्याला लावून पापणीकडे बघत असतं.