तारखेच्या रकान्यातला ९ आला कुठून?

वेबवरच्या ग्रिडमध्ये तारीख भरताना तिरक्या रेघा आपोआप पडतात आणि चुकून अक्षर दाबलं तर ते उमटतच नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. याला इनपुट मास्क म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तो ९९/९९/९९९९ असा लिहितात. इथे ९ म्हणजे ‘या जागी कुठलाही अंक चालेल’.

हा ९ वेबपेक्षा खूप जुना. १९६० च्या कोबोल भाषेत ‘पिक्चर’ नावाची सोय होती. तिच्यात ९ म्हणजे अंक, ए म्हणजे अक्षर. पुढे १९८० च्या दशकात डीबेसच्या फॉर्ममध्येही ‘पिक्चर’ आणि ९ दोन्ही दिसतात.

त्या काळी माहिती पंचकार्डावर असायची. आयबीएमचं १९२८ चं कार्ड ८० रकान्यांचं. नाव, रक्कम, तारीख सगळं त्यातच बसवायचं, म्हणून वर्षाला दोनच अंक मिळाले. बॉब बेमर यांनी १९७० च्या दशकातच यातला धोका लिहून मांडला होता. पण जगाला जाग आली ती २००० साल तोंडावर आल्यावर. मग वर्ष चार अंकी झालं.

दिवस आधी की महिना, हा घोळ मात्र तसाच राहिला. मास्क फक्त आकार बघतो, अर्थ नाही. साध्या मास्कमधून ३१/०२/२०२१ सुद्धा सहज जातं. ०५/०७ म्हणजे आपल्याकडे ५ जुलै, अमेरिकेत ७ मे. वर्षातल्या अशा १३२ तारखा उलट्या वाचल्या तरी खऱ्याच वाटतात! (१२ गुणिले १२, वजा ०३/०३ सारख्या १२.)

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या ओढ्याच्या पाण्याच्या नोंदींत जुलैचे काही नमुने मे महिन्यात जाऊन बसले आणि आलेखात भर उन्हाळ्यात पूर आला. १२ तारखेनंतरच्या नोंदी अडल्या, म्हणून चूक सापडली. सगळे नमुने महिन्याच्या सुरुवातीचे असते, तर तो पूर प्रबंधात गेला असता.

उपाय १९८८ पासून आहे: आयएसओ ८६०१, म्हणजे २०२१-०७-०५. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकानाही दाखवतो स्थानिक पद्धतीने, पण सर्व्हरला पाठवतो याच क्रमाने. तेव्हा ग्रिड बनवताना मास्क हवा तो ठेवा, पण साठवताना क्रम हाच ठेवा. आणि तपासणीसाठी पहिली तारीख १२ च्या पुढची टाका. १२ पर्यंतची तारीख टाकून पाहाल, तर हा घोळ नजरेतून सुटू शकतो.