सुधारणा, पण कोणाच्या मापाने? : वऱ्हाडच्या कापसाची दीडशे वर्षे #थ्रेड

१/
कापसाचे उत्पादन कसे वाढवावे, हा प्रश्न यवतमाळला नवा नाही. गेली दीडशे वर्षे सरकार, गिरण्या आणि संशोधक त्याची उत्तरे देत आले आहेत. मात्र 'चांगला कापूस' म्हणजे नेमके काय, यावर त्यांचे आणि शेतकऱ्याचे एकमत क्वचितच झाले. या मतभेदाचा हा इतिहास.

२/
आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि साऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली.

३/
युद्ध संपले तरी ती दृष्टी हटली नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कार्नाक हे त्या पदावरचे गाजलेले नाव. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मागणी एकच होती : धागा लांब हवा.

४/
येथील शेतकरी कापसाच्या शेतीत मुळीच अडाणी नव्हता. सरकी एकमेकींना चिकटू नये म्हणून ती शेणमातीत चोळून घ्यायची, ओळीत पेरायची, मधूनमधून तुरीचे तास ठेवायचे, पुढच्या वर्षी त्याच शेतात ज्वारी घ्यायची, ही पद्धत येथे रुळलेली होती.

५/
ओळीत पेरल्यामुळे डवरा चालवता येई. डवरणीने तण तर जातेच, शिवाय काळ्या जमिनीच्या भेगा बुजून ओल टिकते. सिंचन नसलेल्या मुलखात पाऊस ओसरल्यावर बोंडे भरायची असतील, तर हीच ओल पिकाचा आधार असते. पऱ्हाटीचे उत्पादन वाढविणारे हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त तंत्र.

६/
आता वाणांकडे वळू. हिंगणघाटची 'बणी' धाग्यासाठी नावाजलेली होती. तिच्याशेजारी 'जरी' होती. जरी हा एक वाण नसून अनेक देशी प्रकारांचे मिश्रण होते. धागा आखूड आणि जाडाभरडा. पण पीक काटक आणि भरघोस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जरीने वऱ्हाडातून बणीला मागे सारले.

७/
अधिकाऱ्यांना ही अधोगती वाटली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. शंभर शेर बणीच्या कापसातून साधारण २५ ते ३० शेर रुई निघे. जरीतल्या काही प्रकारांचा उतारा ४० शेरांच्या आसपास जाई. आखूड रुईला भाव थोडा कमी मिळाला, तरी एकरी पदरात पडणारी रक्कम अधिकच राही.

८/
आखूड धाग्याला गिऱ्हाईकही मिळाले. १८९३ मध्ये मुंबई ते जपान अशी थेट जहाजवाहतूक सुरू झाली. जपानी गिरण्या निरनिराळ्या प्रतींच्या कापसाचे मिश्रण करून सूत काढण्यात तरबेज होत्या. लँकेशायरने नाक मुरडलेला कापूस ओसाकाकडे रवाना होऊ लागला.

९/
यानंतरचा टप्पा विशेष लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. क्लाउस्टन यांच्यासारख्या कृषी खात्यातील अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याचाच हिशेब मान्य केला. जरीच्या मिश्रणातून पांढऱ्या फुलांचा, अधिक उताऱ्याचा 'रोझियम' हा प्रकार निवडून त्याचे शुद्ध बियाणे पसरविण्यात आले. सरकारी 'सुधारणा' प्रथमच शेतकऱ्याच्या मापाने मोजली गेली.

१०/
हे फार काळ टिकले नाही. १९१७ मध्ये नेमलेल्या कापूस समितीचा भर लांब धाग्यावर होता. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. पुढे रोझियमऐवजी अधिक लांब धाग्याच्या 'व्हेरम'चा प्रसार सुरू झाला. माप पुन्हा गिरणीच्या हाती गेले.

११/
स्वातंत्र्यानंतर अकोल्याचे कृषी विद्यापीठ (१९६९) आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६) उभी राहिली. संकरित वाण आले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीपासून काही वर्षे दिलासा मिळाला. पण बियाणे दरवर्षी विकत घेणे आले आणि घरची सरकी राखण्याची रीत मोडली.

१२/
पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी घेतले. उत्पादनाचा आकडा मोजताना खर्च आणि जोखीम कोणाच्या अंगावर पडते, हे न मोजल्याचा तो परिणाम होता.

१३/
आज सघन लागवडीची चर्चा आहे : आटोपशीर वाढीची झाडे, कमी अंतर, कमी दिवसांचे पीक. अळीचा जोर वाढण्यापूर्वी आणि जमिनीतील ओल संपण्यापूर्वी बोंडे फुटावीत, हा त्यामागील विचार. कोरडवाहू जमिनीत पीक ओलीच्या मुदतीत बसले पाहिजे, हे जरी पेरणाराही जाणून होता.

१४/
एक गोष्ट मात्र बदललेली नाही. कापसाचा हमीभाव आजही धाग्याच्या लांबीनुसार, मध्यम आणि लांब अशा प्रतींत जाहीर होतो. शेतकरी सरकीसह कापूस विकतो. रुईचा उतारा चांगला निघाला, तर त्याचा लाभ बहुधा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

१५/
म्हणून कापसाच्या कोणत्याही 'सुधारणे'विषयी वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : हे माप धाग्याचे आहे, एकराचे आहे, की खर्च वजा जाता घरात उरलेल्या पैशाचे? तुमच्या घरी कोणा वडीलधाऱ्यांना बणी, जरी किंवा रोझियम ही नावे आठवत असतील, तर त्यांची आठवण येथे जरूर नोंदवा. (समाप्त)